भोंग्याची दुसरी बॅटरी

आमच्या घरात कुठलीच गोष्ट अर्धी भरून ठेवत नाहीत. सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांतून एकदा, आणि येतं तेव्हा सगळं घर मोरीपासून गच्चीपर्यंत पळत असतं. ड्रम, घागरी, कळश्या, बादल्या, शेवटी तांबे आणि चहाची पातेलीसुद्धा काठोकाठ भरायची. त्याआधी उरलेलं पाणी ओतून द्यायचं, कारण ते शिळं. पाण्याची इतकी टंचाई आणि पाण्याला शिळं म्हणायचं, हे आमच्याच गावाला जमतं. पुण्यात ऑफिसात हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसतो. पण माझ्या हाताची खोड काही जात नाही. पेट्रोल भरायला गेलो की टाकी फुल्लच करतो, आणि मोबाईल शंभर टक्के झाल्याशिवाय पिनेवरून काढत नाही.

या सवयीनं आमच्या अण्णांचा आवाज गेला. खरं तर सवयीनं नाही, माझ्यामुळं गेला. सवयीवर ढकलणं सोपं असतं म्हणून तिथून सुरुवात केली.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी हयातभर एका कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणल्या. रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. तंबाखूची मेहरबानी. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पुढून एक भोक ठेवलं, त्यातूनच श्वास घ्यायचा. बोलणं कायमचं बंद. मग वर्षभर त्यांनी माझी जुनी पाटी काढून तिच्यावर लिहिलं. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळं एका वाक्याला इतका वेळ लागायचा की तोवर घरातलं भांडण मिटलेलं असायचं.

पुढं डॉक्टरांनीच गळ्याला लावायच्या यंत्राचं सुचवलं आणि मी ते मागवून घेतलं. मुठीत मावणारी नळी. टोक गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्राची घरघर तोंडातून शब्द होऊन बाहेर पडते. आवाज मात्र सपाट. ‘चहा टाक’ आणि ‘आग लागली’ दोन्ही एकाच सुरात. दोन-तीन आठवडे ते गच्चीवर एकटेच सराव करत होते. मग एका रविवारी मी घरी असताना जेवायला बसले, यंत्र गळ्याला लावलं आणि पहिलं वाक्य बोलले, “आमटीत मीठ कमी हाय.”

आई हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, “वर्षभर गप बसलात ते ह्याच्यासाटी व्हय?”

यंत्राला ‘भोंगा’ हे नाव अण्णांनीच दिलं. त्यांच्या लहानपणी गिरणीचा भोंगा वाजला की निम्मं सोलापूर उठायचं, तसा आता आपला वाजणार म्हणाले. आणि तो वाजलाही. भाजीवाल्याशी घासाघीस, गल्लीतल्या पोरांना दम, मला रोज फोन. माझी गाडी मोहोळच्या पुढं आली की न चुकता फोन यायचा, “कुटवर आलास?” डब्यातले लोक माना वळवून बघायचे. मला लाज वाटायची आणि मी आवाज कमी करायचो. त्याचीही टोचणी आहेच, पण ती लहान.

भोंग्याबरोबर दोन बॅटऱ्या आल्या होत्या. लिथियमच्या, काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या आणि चपट्या. एक यंत्रात, एक जादा. सोबत बारीक अक्षरातला इंग्रजी कागद होता, घड्या घातलेला. अण्णांनी तो माझ्यापुढं धरला. पहिलं पान मी नीट वाचून समजावलं. कुठं दाबायचं, गळ्याला कुठं टेकवायचं. दुसऱ्या पानावर बॅटरीचं चित्र होतं. अण्णांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. तेव्हा मला परतीची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, “नेहमीचंच लिहिलंय. चार्ज करायची, पाण्यात टाकायची नाही.” कागद हरवू नये म्हणून घडी घालून मी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ठेवला. किती हुशारी!

जादा बॅटरीचं काय करायचं यावर मात्र अण्णांचं स्वतःचं मत होतं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘दोनी आळीपाळीनं.’ जन्म यंत्रात गेलेला माणूस. नुसता पडून राहिलेला माग आधी बिघडतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मी म्हणालो, “अण्णा, एक वापरायची आणि एक जपून ठेवायची. दोन्ही एकदम संपल्या तर काय कराल?” कॉलेज शिकलेल्या पोरापुढं त्यांनी पाटी पुसली.

मग पुढच्या खेपेला मी जादा बॅटरी शंभर टक्के भरली. हिरवा दिवा लागल्यावरही तासभर तशीच ठेवली, अजून थोडी मावली तर मावावी म्हणून. रुमालात गुंडाळली आणि वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, आईच्या लग्नातल्या शालूखाली ठेवून कुलूप लावलं. आमच्याकडं मोलाची गोष्ट त्याच कपाटात जाते. खोलीला वर पत्रा आहे. मे महिन्यात दुपारी त्या कपाटाच्या दाराला हात लावला तर चटका बसतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

खाली वापरातल्या बॅटरीची जबाबदारी आईकडं आली. तिनं ती पाण्याच्याच शिस्तीनं सांभाळली. आधीचं संपल्याशिवाय नवं भरायचं नाही. भोंगा दमायला लागला, आवाज खाली जायला लागला तरी ती म्हणायची, “हाय की अजून थोडी. संपू द्या की समदी, मग लावते.” आणि पार मेली की मगच पिनेला लावायची. मी हे कितीतरी वेळा माझ्या डोळ्यांनी बघितलं. एकदा तर म्हणालोसुद्धा, “बरोबर आहे, पूर्ण उतरू दे.” का म्हणालो? कारण मलाही तसंच वाटायचं. कागद माझ्याच बॅगेत होता, रोज माझ्याबरोबर ऑफिसला जात-येत होता.

दोन उन्हाळे गेले. वापरातली बॅटरी दिवसभर टिकायची ती दुपारपर्यंत टिकायला लागली, मग तासभर. अण्णा शब्द वाचवायला लागले. फोनवर ‘कुटवर आलास’चं नुसतं ‘कुटं?’ झालं. मी म्हणायचो, दुसरी आहे ना कपाटात, काढा की. अण्णा म्हणायचे, “ऱ्हाऊ दे. अडीनडीला.” आता जपून ठेवायचं त्यांनीही मनावर घेतलं होतं. नवी मागवतो असं मीही म्हणत राहिलो.

अडीनडी आली ती एप्रिलच्या शेवटी. सकाळी अण्णांच्या छातीत कळ आली आणि शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी दुपारपर्यंत पोचलो. ते शुद्धीत होते. गळ्याच्या भोकाशी ऑक्सिजनची नळी, उजव्या हाताला सलाईन, तो हात सुजलेला. कवळी काढून ठेवल्यामुळं ओठ आत गेलेले, त्यामुळं एरवी ओठांवरून थोडंफार ओळखणारी आईही हरली होती. मला बघितल्यावर त्यांनी डाव्या हातानं उशाशी चाचपलं. नर्सनं विचारून ऑक्सिजनची नळी जरा बाजूला धरली, मी भोंगा त्यांच्या गळ्याला लावला. घर्र झालं, “तू...” एवढं आलं, आणि बंद.

मी घरी पळालो. यंत्रातली बॅटरी पिनेला लावून बघितली, दिवासुद्धा लागेना. वरची खोली नुसती भाजत होती. कपाट उघडलं, शालू बाजूला केला, रुमाल सोडला. बॅटरी फुगली होती. दोन्ही अंगांनी पोट आलेलं, कडेचं प्लास्टिक उकललेलं, वर जरासा गोडसर उग्र वास. यंत्राच्या खाचेत ती जाईच ना. मी दाबून बघितली, मग भीती वाटली आणि सोडून दिली. दोन वर्षं अंगाला हातही न लावता, कुलपात, काठोकाठ भरून ठेवलेली बॅटरी. इतकं जपून कुणी काही मारलं नसेल.

तिला उघड्यावर टाकणं बरं नव्हतं. गच्चीत एका डब्यात कोरडी वाळू होती, तिच्यात ती ठेवून आलो. नवी मागवायला फोन लावले. गावात कुणाकडं नव्हती. बाहेरून यायला चार दिवस लागतील म्हणाले.

दवाखान्यात परत आलो तेव्हा आई बाहेर बाकावर बसली होती. तिनं नुसतं वर बघितलं. मी पेटलो. म्हणालो, “कायम पार संपवून मग लावायचीस ना? त्यानंच वाट लागली. कितीदा सांगितलं!”

कितीदा? एकदाही नाही. उलट पाठिंबाच दिला होता.

आई म्हणाली, “व्हय रे. माजंच चुकलं.” आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी आत गेलो. त्या क्षणी मला खरोखरच बरं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

पुढचे दोन दिवस मी अण्णांजवळ होतो. पाटी दिली, पण डाव्या हातानं नुसत्या रेघोट्या झाल्या. मोबाईलवर बोट फिरवायला दिलं, तेही जमेना. मग त्यांनी पाटी बाजूला सारली आणि डाव्या हातानं एक खूण केली. दोन बोटं ओठांना, मग अंगठा खांद्यावरून मागं दाराकडं, मग सबंध तळवा स्वतःच्या छातीवर.

मला कळलं नाही. मागावर काम करणारी माणसं खुणांनीच बोलतात, कारण त्या खडखडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा अण्णा आणि त्यांच्या शेजारच्या मागावरचे मामा हातांनी तासन्‌तास गप्पा मारताना बघायचो. त्यातलं एक अक्षर मी शिकलो नाही. शिकून जाणार होतो कुठं, मागावर थोडाच जायचं होतं?

“भूक लागली का? पाणी? छातीत दुखतंय?” मी विचारत सुटलो. छातीचं नाव निघताच नर्सला हाक मारली, तिनं येऊन सगळं तपासलं. अण्णांनी कंटाळून मान फिरवली. संध्याकाळी पुन्हा तीच खूण. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तेव्हा मी वैतागून म्हणालो, “येतीय म्हटलं ना बॅटरी, अण्णा! जरा दम धरा.”

त्यांनी धरला नाही. त्याच दुपारी गेले.

बॅटरी आली ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, आम्ही स्मशानातून अस्थी घेऊन परत येत होतो तेव्हा. कुरियरवाला दारात उभा होता. मी सही करून डबा घेतला.

त्याच आठवड्यात दवाखान्याचे कागद लावताना लॅपटॉपच्या बॅगेच्या मागच्या कप्प्यातून तो घडीचा कागद निघाला. या वेळी दुसरं पान वाचलं. चार ओळी होत्या. बॅटरी बरेच दिवस वापरणार नसाल तर साधारण अर्धी चार्ज करून ठेवा. थंड, कोरड्या जागी ठेवा, उष्णतेपासून लांब. दर काही महिन्यांनी तपासा, लागेल तेवढी भरा. पार उतरेपर्यंत वापरू नका. आम्ही घरात जे जे केलं होतं, त्याच्या बरोबर उलटं. वाचायला एक मिनिटही लागलं नाही.

कागद मी परत घडी घालून ठेवला आणि आईला काही सांगितलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, शेवटी काही बोलले का? आई प्रत्येकाला तेच सांगायची, “कुटलं बोलत्यात? बॅटरी म्याच संपवली की वो. पार मरूस्तोवर लावत नव्हते. माज्यामुळं त्यास्नी बोलता आलं न्हाय.” बायका तिची समजूत काढायच्या. मी शेजारी खुर्चीवर बसून ऐकायचो आणि पाहुण्यांना पाणी द्यायला उठायचो. एकदा नाही, दहा-बारा वेळा तरी ऐकलं असेल. दर वेळी वाटायचं, आता सांगू. दर वेळी समोर कुणीतरी असायचं, आणि मला ते सोयीचं पडायचं.

तेराव्यानंतर शेजारच्या मागावरचे मामा आले. त्यांच्या घरी तेलुगू, पण बोलणं आमच्यासारखंच. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं आधी येता आलं नव्हतं. भिंतीला टेकून बसले, अण्णांच्या फोटोकडं बघत राहिले. आईनं त्यांनाही तेच सांगितलं. बॅटरी, तिची चूक, बोलता आलं नाही.

“बोलायला भोंगा कशाला पायजे त्याला?” मामा म्हणाले. “आमी तीस वरीस भोंग्याबिगरच बोललो की.”

तेव्हा मला आठवलं. मी ती खूण करून दाखवली. दोन बोटं ओठांना, अंगठा मागं दाराकडं, तळवा छातीवर.

मामांनी लगेच ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला. “ही व्हय? ही तर रोजची! दुपारचा डबा आला की करायचो. तू जेवून ये, तुजा माग मी बघतो. शेजारचा जेवाय गेला की त्याचे माग आपन बघायचे असत्यात. तुजा बाप कायम मला आदी धाडायचा. सोता मागनं.”

मी पुण्याहून निघालो होतो तेव्हा सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. त्या दोन दिवसांत बिस्किटाचा एक पुडा आणि चहा, एवढ्यावर होतो. माझं तोंड सुकलेलं त्यांना दिसत असणार. ‘तू’ म्हणून भोंगा बंद पडला, ते वाक्य हेच असेल का? कुणास ठाऊक. मी विचारलं, “मामा, त्यावर समोरच्यानं काय करायचं असतं? उलट खूण काय?”

“उलट कसली खून? उटायचं आनि जेवाय जायचं.”

मामा गेल्यावर आई त्यांची चहाची कपबशी धुवायला मोरीत गेली. मी बॅगेतून कागद काढला आणि तिच्यामागं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “आई, हा बॅटरीचा कागद. पहिल्या दिवसापासून माझ्याकडं होता.” आणि चारी ओळी तिला मराठीत वाचून दाखवल्या. कपाटात मी ठेवली, भरून मी ठेवली, पार उतरू दे असंही मीच म्हणालो होतो, हे सगळं सांगितलं. बाकावर बसली असताना तिला जे बोललो ते खोटं होतं, हेही.

ती कपबशी हातात घेऊन ऐकत होती. नळ कोरडाच होता, ती घागरीतलं पाणी घेत होती. म्हणाली, “परत वाच.”

मी परत वाचलं.

“अर्दी?” ती म्हणाली. “अर्दी ठिवायची असती?”

“हो.”

“अण्णांनी तुला बोट लावून दावलं हुतं न्हवं का हे?”

“हो.”

“आनि तू मला येवडे दिस लोकांम्होरं बोलू दिलंस.”

तिनं कपबशी पालथी घातली, हात पुसले आणि देवाच्या कोनाड्यापाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मी दारात उभा राहिलो. दुपार टळत आली. काही वेळानं ती उठली, ताट केलं. दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी, कांदा. ताट माझ्यापुढं ठेवलं नाही, स्वयंपाकघरात पाटापुढं ठेवलं. परत कोनाड्यापाशी येऊन बसली. माझ्याकडं बघितलं, आणि मामांनी सांगितलेली खूण केली. दोन बोटं ओठांना, अंगठा मागं स्वयंपाकघराकडं, तळवा छातीवर.

तिनं मला माफ केलं असं मी समजत नाही. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं म्हणून तिनं ती खूण केली. पुढं तीन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तीन दिवस दोन्ही वेळेला तीच खूण करत राहिली.

नवी बॅटरी आता आईच्या माठाशेजारी, सावलीत असते. अर्धी भरलेली. दर तीन महिन्यांनी मी जातो, बघतो, लागेल तेवढीच भरतो. भोंगा कुणी लावत नाही. तरी आई विचारते, “अर्दीच हाय न्हवं?” मी हो म्हणतो.

त्या दुपारी मात्र मी आईच्या खुणेला काहीच उत्तर दिलं नाही. उठलो आणि जेवायला गेलो.